बुजवलेली भोकं

जुन्या गिरणीचा भोंगा बंद पडून किती वर्षं झाली,
तरी मला तो रोज पहाटे ऐकू यायचा.
तसा गावातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांनाही येतो म्हणे,
पण त्यांना तो नावानं हाक मारत नाही.
मला मारायचा: अंबादास गुर्रम, पहिली पाळी.
सिटी बसचा नंबर, गाड्यावर रचलेले पेरू,
समोरच्या गच्चीत वाळणारे टॉवेल, त्यातले निळे किती,
सगळं माझ्याविषयी असायचं.
एवढा मान सोलापुरात कुणाला मिळाला नसेल.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता?
म्हटलं, चादरीच्या जकार्डचे पुठ्ठे पंच करतो.
त्यांनी केसपेपर उलटा केला, टिंबं काढली.
"मग तुम्हाला सांगणं सोपंय.
भोक असेल तिथं सुई शिरते,
धागा उचलला जातो, फूल उठतं.
डोक्यात एक रसायन असतं, डोपामिन.
तेही भोकं शोधत फिरतं आणि सांगतं,
हे बघ, हे महत्त्वाचं.
तुमच्यात ते भलतेच धागे उचलतंय.
गोळी जाऊन भोकावर बसते. एवढंच."
मी विचारलं, कुठल्या भोकावर?
बाई जरा गप्प राहिल्या.
"ते तिला निवडता येत नाही."

पहिल्या इंजेक्शननंतर मान वळली ती वळलीच,
जीभ दातांत, डोळे छताला.
आईनं लिंबू उतरवायला घेतलं, भावानं रिक्षा आणली.
रिक्षा आधी पोचली.

भोंगा एकदम थांबला नाही.
आधी तो दुसऱ्या कुणाच्या तरी गल्लीत वाजू लागला,
मग अक्कलकोट रोडपलीकडं,
मग नुसता वाऱ्याचा.

पण पाय.
पायांत कुणी कांडी फिरवत ठेवलेली.
बसलो की उठायचो, उठलो की चालायचो,
अशोक चौक ते कन्ना चौक, रात्री दोनला.
"काय करलालास रे? परत सुरू झालं का?"
आईला वाटलं, दुखणं परतलं.
ते दुखणं नव्हतं गं, ती गोळीच होती.
मग त्या गोळीसाठी आणखी एक गोळी,
आणि तिनं तोंडाची चिंचोका चोखल्यासारखी कोरड.
रात्री मात्र उशी भिजलेली, लाळेनं.

भूक अशी की कडक भाकरीची चवड
शेंगाचटणीला चव आहे की नाही हे कळायच्या आत संपायची.
आई दारात बसून विड्या वळायची,
तिच्या बोटांत दोरा स्थिर.
मी एक बांधायला घेतली, तंबाखू फरशीवर सांडली.
आणि एक दिवस बनियनला छातीपाशी ओल.
पुरुषाच्या छातीला.
हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही,
डॉक्टरीणबाईंनाही नाही.
सांगितलं असतं तर गोळी बदलली असती,
हे मागाहून कळलं.

गोळ्या रिकाम्या कांडीत कोंबत गेलो.
पाय थांबले, छाती सुकली. बरा झालो असं वाटलं.
दीड महिन्यानं भोंगा झाला, अगदी उशाशी.
मी डबा घेऊन बंद गिरणीच्या भिंतीवर चढलो,
पाळीवर हजर व्हायला.
वॉचमननं उतरवून घेतलं, चहा पाजला,
म्हणाला, माझा बापही इथंच होता.

आता गोळी दुसरी आहे, रात्री एक.
दर तीन महिन्यांनी साखर तपासायची, वजन करायचं,
आणि काही झालं तर लपवायचं नाही,
असं बाईंनी बोट उगारून सांगितलंय.
परवा मोराची ऑर्डर आली.
पूर्वी पुठ्ठ्यावर डोळा पाडला की
मोर माझ्याकडं बघायचा, मान तिरकी करून.
आता तो चादरीचा मोर आहे.
हात किंचित थरथरतो, पंच बरोबर बसतो.
मालकाला नक्षी आवडली.
मला, खरं सांगू, काहीच वाटलं नाही,
आणि त्याचंही फार वाटलं नाही.

पहाटे जाग आली की पडल्यापडल्या ऐकतो.
मागच्या बोळात कुणाचा तरी माग खडखडत असतो.
तो खराच आहे.
आईला विचारून घेतलंय.